‘आपल्या पोरी’: आइसलँडच्या महिला फुटबॉल संघाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरो, म्हणजे युरोपातल्या राष्ट्रीय संघांची फुटबॉल स्पर्धा, आली की रात्री बारानंतर जागणाऱ्या मंडळींकडून हेच प्रश्न येतात. काही भाबडे असतात, काही खोचक, आणि एक-दोन असे की उत्तर देताना आपणच हळवे होतो. सगळे इथे एकत्र करून ठेवले आहेत. आपल्याकडे फुटबॉल बघणारे बहुतेक जण आइसलँडला ‘तो टाळ्या वाजवणारा देश’ म्हणून ओळखतात, त्यामुळे सुरुवात अगदी प्राथमिक गोष्टींपासून.

आइसलँड नक्की किती छोटा देश आहे?

लोकसंख्या चार लाखांच्या आत. कोल्हापूर शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेपाच लाखांच्या आसपास होती, म्हणजे अख्खा देश कोल्हापुरात मावून वर एखादी पेठ रिकामी राहील. त्यातले निम्मे पुरुष वगळा, मग शाळकरी मुली आणि आज्या वगळा, उरलेल्यांत बँकेत, मासळीच्या कारखान्यात, विद्यापीठात असणाऱ्या वगळा. राहतात त्यांच्यातून अकरा जणी निवडून जर्मनीविरुद्ध उतरवायच्या आहेत. महिलांच्या युरोच्या मुख्य स्पर्धेत आजवर खेळलेल्या देशांमध्ये याहून कमी लोकसंख्येचा देश नाही, आणि २००९ पासून २०२५ पर्यंतच्या पाचही युरोंमध्ये हा संघ होता.

एकदा पोहोचला असता तर नशीब म्हणून सोडून दिलं असतं. लागोपाठ पाच वेळा जाणाऱ्याला नशीबवान म्हणणं मला तरी पटत नाही.

सगळ्या खेळाडूंचं आडनाव ‘दोत्तिर’ कसं? त्या बहिणी आहेत का?

हा प्रश्न प्रत्येक स्पर्धेत येतो. बहिणी नाहीत. आइसलँडमध्ये बहुतेकांना आपल्या अर्थाने आडनावच नसतं. वडिलांच्या (कधी आईच्या) नावाला मुलासाठी ‘सोन’ आणि मुलीसाठी ‘दोत्तिर’ जोडतात. सारा ब्योर्क गुन्नार्सदोत्तिर म्हणजे गुन्नारची मुलगी सारा ब्योर्क. आपण नाव आणि आडनाव यांच्यामध्ये वडिलांचं नाव घालतो, ते आडनाव खोडून टाकल्यावर जे उरेल तेच हे. फरक एवढाच की लग्न झालं म्हणून तिथे मधलं नाव बदलत नाही. वडील तेच राहतात, मग नाव कशाला बदलायचं?

आणि हा ‘दोत्तिर’ आपल्याला परका नाही. संस्कृतातली ‘दुहिता’ आणि तो एकाच मुळाचे. एवढं लक्षात ठेवलं की समालोचकाची बोबडी वळते तिथे तुमची वळणार नाही. तिथले लोक एकमेकांना पहिल्या नावानेच हाक मारतात, अगदी पंतप्रधानांनाही. म्हणून मी खाली खेळाडूंची पहिलीच नावं जास्त वापरली आहेत. उच्चार जमतील तेवढे जवळचे लिहिलेत. आइसलँडिक माणसाने वाचले तर हसेल, हसू द्या.

संघाला टोपणनाव काय आहे?

‘स्टेल्पुर्नार ओकार’. म्हणजे ‘आपल्या पोरी’. याहून घरगुती नाव शोधून सापडणार नाही.

संघ कधी सुरू झाला?

महिलांची लीग १९७२ साली सुरू झाली आणि राष्ट्रीय संघाचा पहिला सामना २० सप्टेंबर १९८१ रोजी झाला, स्कॉटलंडमधल्या किल्मार्नॉक गावी. ३-२ असा हरला. या दोन तारखांच्या मधे आणखी दोन घडल्या, त्या फुटबॉलच्या नाहीत पण सोडून चालणार नाही. २४ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या जवळपास नव्वद टक्के बायकांनी एक दिवस सुट्टी घेतली: नोकरीतून, स्वयंपाकातून, पोरं सांभाळण्यातून. बापे मुलांना घेऊन ऑफिसात गेले. पुढे १९८० मध्ये विग्दीस फिन्बोगादोत्तिर राष्ट्राध्यक्ष झाल्या, लोकांच्या थेट मतांनी राष्ट्रप्रमुखपदी निवडून आलेली जगातली पहिली स्त्री. पुढच्याच वर्षी बायकांचा राष्ट्रीय संघ मैदानात उतरला. एकामुळे दुसरं झालं असा दावा मी करत नाही, पण हवा काय होती ते कळतं.

म्हणजे तेव्हापासून सलग खेळतायत?

नाही, आणि हे तिथलं लख्ख चित्र रंगवणारे सांगायला विसरतात. १९८४ च्या युरोच्या पात्रता फेरीत नॉर्वे, स्वीडन, फिनलंडच्या गटात खेळून झाल्यावर १९८७, १९८९ आणि १९९१ या तिन्ही वेळी संघ उतरलाच नाही. १९९३ च्या युरोच्या पात्रता फेरीत तो परत दिसला. समतेचा डंका वाजणाऱ्या देशातसुद्धा बायकांचा संघ असा बाजूला पडू शकतो. परतल्यावर मात्र पोरींनी वेळ दवडला नाही. १९९५ च्या युरोत उपांत्यपूर्व फेरी घरच्या आणि बाहेरच्या मैदानावर व्हायची, तिथपर्यंत पोहोचून इंग्लंडकडून दोन्ही सामने २-१ असे गमावले.

तो ‘गोठलेल्या मैदानावरचा सामना’ काय होता?

हे सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते या संघाची खरी गोष्ट इथूनच सुरू होते.

ऑक्टोबर २००८. महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत आइसलँडच्या तिन्ही मोठ्या बँका कोसळल्या. ६ ऑक्टोबरला पंतप्रधानांनी टीव्हीवर भाषण केलं आणि शेवटी म्हणाले, देव आइसलँडचं भलं करो. ज्या देशात राजकारणी देवाचं नाव सहसा काढत नाहीत तिथे हे ऐकून लोकांच्या पोटात गोळा आला. चलन गडगडलं, कर्जाचे हप्ते फुगले.

त्याच महिन्याच्या शेवटी महिला संघाला युरो २००९ साठी आयर्लंडविरुद्ध प्ले-ऑफ, म्हणजे मुख्य स्पर्धेतल्या उरलेल्या जागेसाठीची लढत, खेळायचा होता. डब्लिनमधला पहिला सामना १-१ असा सुटला. दुसरा ३० ऑक्टोबरला रेक्याविकच्या लॉयगार्दाल्सवोत्लुर या राष्ट्रीय स्टेडियमवर. मैदान गोठून टणक झालेलं. अशा मैदानावर चेंडू आपण म्हणू तसा थांबत नाही, टप्पा पडला की कुठे जाईल नेम नाही, आणि वळताना पाय रोवला जात नाही. आयरिश गोटातून मैदान खेळण्यालायक नसल्याच्या तक्रारी झाल्या आणि त्यात तथ्य होतं. पण घसरत-पडत खेळणं एका संघाला लहानपणापासून ठाऊक होतं. निकाल ३-०.

आइसलँडचा वरिष्ठ फुटबॉल संघ, पुरुष असो वा महिला, यजमान देशात भरणाऱ्या मोठ्या स्पर्धेच्या मुख्य फेरीत पोहोचण्याची ती पहिली वेळ. देशाकडे त्या महिन्यात आनंद मानण्यासारखं दुसरं फारसं काही नव्हतं.

पण पुरुषांचा संघ आधी प्रसिद्ध झाला ना?

प्रसिद्ध आधी झाला, पोहोचला नंतर. पुरुषांनी युरो २०१६ मध्ये इंग्लंडला हरवलं, तो टाळ्यांचा गजर जगभर गेला, २०१८ चा वर्ल्ड कपही ते खेळले. पण त्याआधी महिलांच्या दोन युरो होऊन गेल्या होत्या.

युरोमध्ये आजवरची कामगिरी कशी आहे?

मिश्र. २००९ मध्ये फिनलंडला तिन्ही सामने गेले, फ्रान्सविरुद्ध सहाव्याच मिनिटाला आघाडी घेऊनसुद्धा. नॉर्वे आणि जर्मनीकडून मात्र फक्त एकेका गोलाने हार.

सगळ्यांत गोड आठवण २०१३, स्वीडन. नॉर्वेविरुद्ध ८७ व्या मिनिटाला मार्ग्रेट लाराने पेनल्टी मारून १-१ बरोबरी केली, हा युरोतला पहिला गुण. मग जर्मनीकडून ०-३. शेवटी नेदरलँड्सविरुद्ध दाग्नी ब्रिन्यार्सदोत्तिरच्या डोक्याने झालेला एकमेव गोल, आणि थेट उपांत्यपूर्व फेरी. तिथे यजमान स्वीडनने ४-० असं धुतलं, त्याबद्दल जास्त बोलण्यासारखं नाही. त्या संघाची कर्णधार कात्रीन योन्सदोत्तिर पेशाने डॉक्टर होती. दवाखान्याची ड्युटी आणि राष्ट्रीय संघाची कप्तानी एकाच आयुष्यात, हे फार जुनं नाही.

२०१७ ला नेदरलँड्समध्ये फ्रान्सविरुद्ध ८६ व्या मिनिटाच्या पेनल्टीने सामना गेला आणि तिथून गाडी उतरणीला लागली. तिन्ही पराभव, एकच गोल. २०२५ ला स्वित्झर्लंडमध्येही तिन्ही पराभव: फिनलंडकडून ०-१, यजमानांकडून ०-२, आणि निकालाला अर्थ उरला नव्हता तेव्हा नॉर्वेशी ३-४ असा धमाल सामना. त्या वर्षी अपेक्षा जास्त होत्या म्हणून ठेचही जास्त लागली. पहिल्याच सामन्यात कर्णधार ग्लोदीस पोट बिघडल्यामुळे मध्यंतराला बाहेर गेली, मग हिल्दुरला लाल कार्ड मिळालं. मोठ्या देशाच्या बाकावर अशा वेळी दुसरी ग्लोदीस बसलेली असते. इथे एकच आहे.

२०२२ च्या युरोत एकही सामना न हरता त्या बाहेर कशा पडल्या?

गणित असं. तीन सामने, तिन्ही १-१. बेल्जियमविरुद्ध आधी पेनल्टी वाया घालवली, मग तिनेच, बेर्ग्लिंदने, हेडरने गोल केला, मग बेल्जियमने पेनल्टीवर बरोबरी साधली. इटलीविरुद्ध तिसऱ्या मिनिटाला कारोलिना लेआचा गोल, आणि तासाभराने बरोबरी. शेवटी फ्रान्स. सामना सुरू होऊन मिनिटही झालं नव्हतं तेव्हा फ्रान्सचा गोल, आणि जादा वेळेच्या बाराव्या मिनिटाला दाग्नीच्या पेनल्टीने बरोबरी.

तीन गुण. त्याच वेळी दुसऱ्या मैदानावर बेल्जियमने इटलीला १-० ने हरवलं आणि त्यांचे चार झाले. तो सामना बरोबरीत सुटला असता तर बेल्जियम आणि इटली दोन-दोन गुणांवर राहिले असते आणि आइसलँड पुढे गेलं असतं. ती शेवटची पेनल्टी आत गेली तेव्हा मैदानावरच्या पोरींना आनंद करावा की बसून रडावं हेच समजत नव्हतं. अपराजित राहून घरी जाण्यापेक्षा एक हरून एक जिंकणं बरं, कारण त्याचे तीन आणि वर एक बरोबरी म्हणजे चार. शाळेत तीन विषयांत पस्तीस पडूनही एकूण टक्केवारीत नापास व्हावं तसं काहीसं.

त्याच स्पर्धेत स्टेडियमवरून काय वाद झाला होता?

पहिले दोन सामने मँचेस्टर सिटीच्या अकादमीच्या छोट्या मैदानावर ठेवले होते, साधारण ४,७०० प्रेक्षकांची सोय. कर्णधार सारा ब्योर्कने स्पर्धेआधीच जाहीर सांगितलं की हे लाजिरवाणं आहे, महिला फुटबॉलला एवढे लोक येतील याची आयोजकांना कल्पनाच नाही. काहींना ते आगाऊपणाचं वाटलं. त्या युरोचा अंतिम सामना वेम्बलीवर ८७ हजारांवर लोकांनी पाहिला, मग कोणी काही बोललं नाही.

वर्ल्ड कप किती वेळा खेळल्या?

एकदाही नाही.

हा प्रश्न विचारणाऱ्याला वाटतं उत्तर ‘दोनदा, तीनदा’ असं येईल. एकदाही नाही, आणि दोन वेळा दार उंबरठ्यावर असताना आपटलं.

पहिली वेळ २०१९ च्या वर्ल्ड कपसाठीची. सप्टेंबर २०१८ मध्ये आधी घरच्या गच्च भरलेल्या स्टेडियमवर जर्मनीने ०-२ ने हरवलं. तीन दिवसांनी चेक प्रजासत्ताकाविरुद्ध जिंकलं असतं तर प्ले-ऑफची वाट उघडी होती. १-१ असताना अगदी शेवटी पेनल्टी मिळाली. मारायला संघातली सगळ्यांत खमकी बाई, सारा ब्योर्क. गोलरक्षिकेने अडवली.

दुसरी वेळ ६ सप्टेंबर २०२२, उट्रेख्ट. गटात आइसलँड १८ गुणांवर, नेदरलँड्स १७ वर. शेवटचा सामना एकमेकांशी. हरायचं नाही, एवढंच काम. नेदरलँड्सने दीड तास अक्षरशः वेढा दिला. पस्तिशीतली गोलरक्षिका सांद्रा सिगुर्दारदोत्तिर एकामागून एक फटके परतवत होती, काही चेंडू खांबाला लागून परत आले. नव्वद मिनिटं संपली. जादा वेळ सुरू. ९३ व्या मिनिटाला एस्मे ब्रुग्ट्स या किशोरवयीन डच मुलीने डाव्या बाजूने एक चेंडू वळवून मारला, तो सांद्राच्या हातापलीकडून लांबच्या कोपऱ्यात गेला. ०-१. बघणाऱ्याने मोबाइलवर वेळ पाहिली असेल, शिट्टी कधी वाजते म्हणून, तेवढ्यात.

नंतर पोर्तुगालशी एकच प्ले-ऑफ, तोही त्यांच्याच देशात. लाल कार्ड, पेनल्टी, दहा जणींनी बरोबरी, मग जादा अर्ध्या तासात तीन गोल खाऊन १-४. थकलेल्या पायांचा तो निकाल होता. उट्रेख्टमध्ये एक गुण मिळाला असता तर तो सामना खेळावाच लागला नसता.

जर्मनीला खरंच हरवलंय का?

दोनदा, आणि दोन्ही स्पर्धात्मक सामन्यांत. २० ऑक्टोबर २०१७ रोजी वीसबाडनमध्ये ३-२. जर्मनी तेव्हा ऑलिम्पिक विजेती होती. दाग्नीचे दोन, एलिन मेताचा एक.

दुसरा १२ जुलै २०२४, रेक्याविकमध्ये ३-०, आणि त्याच विजयाने युरो २०२५ चं तिकीट पक्कं झालं. यातला पहिला गोल मला विसरता येत नाही. कॉर्नरवरून इंगिब्योर्गने हेडर मारला. ही इंगिब्योर्ग मूळची ग्रिंदाविकची. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्या गावाखाली तप्त शिलारस सरकू लागला, जमिनीला भेगा पडल्या आणि एका रात्रीत अख्खं गाव रिकामं करावं लागलं. गाव ओस, आणि आठ महिन्यांनी त्याच गावच्या पोरीचा जर्मनीविरुद्ध गोल. तिसरा गोल स्वेइन्दीसचा, जर्मन बचावाला धावून धावून घाम फोडून मिळवलेला.

इतक्या थंडीत सराव करतात कुठे?

छताखाली. २००० साली केफ्लाविकला पूर्ण आकाराचं पहिलं बंदिस्त फुटबॉल सभागृह झालं, नंतर ठिकठिकाणी झाली. शिवाय फुटबॉल संघटनेने शाळांना लागून शंभरावर छोटी कृत्रिम गवताची मैदानं बांधली. शाळा सुटली की दप्तर कडेला टाकून तिथेच.

पण इमारतींपेक्षा मला महत्त्वाचे वाटतात ते प्रशिक्षक. सहा-सात वर्षांच्या मुलींना शिकवणाराही युएफाचा (युरोपीय फुटबॉल महासंघाचा) परवाना घेतलेला आणि पगारी असतो, कोणाचे तरी हौशी काका नसतात. आणि मुलींचा संघ हा वेगळा क्लब नसतो. एकाच क्लबमध्ये, एकाच मैदानावर, तोच शर्ट घालून संध्याकाळी पाच ते सात मुलं आणि सात ते नऊ मुली. गावातल्या मुलीने फुटबॉल खेळायचं ठरवलं तर तिला कोणाची परवानगी काढावी लागत नाही, आई तिला पोहायला सोडते तशी सोडते.

बर्फ मात्र अजून जिंकतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये उत्तर आयर्लंडशी नेशन्स लीग या युरोपीय संघांच्या श्रेणीवार स्पर्धेचा प्ले-ऑफ होता. रेक्याविकला एवढा बर्फ पडला की सामना एक दिवस पुढे गेला आणि राष्ट्रीय स्टेडियम सोडून शेजारच्या थ्रोत्तुर क्लबच्या कृत्रिम गवतावर खेळवला. आंतरराष्ट्रीय सामना, आणि मैदान शेजारच्या क्लबचं. तो जिंकून सगळ्यांत वरची अ श्रेणी राखली.

पुरुष आणि महिला खेळाडूंना समान पैसे मिळतात का?

राष्ट्रीय संघासाठी सामन्याचा बोनस जानेवारी २०१८ पासून समान. त्याच महिन्यात देशात पंचवीस किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना समान वेतन देत असल्याचा दाखला सक्तीचा करणारा कायदा लागू झाला. क्लबच्या पगारात मात्र जगात सगळीकडे आहे तशी दरी आहेच.

सारा ब्योर्कचं ते गरोदरपणाचं प्रकरण काय होतं?

साराने ऑगस्ट २०२० मध्ये ल्यों या फ्रेंच क्लबकडून चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेची, फायनल खेळली, व्होल्फ्सबुर्ग या जर्मन क्लबविरुद्ध. काही आठवड्यांपूर्वीपर्यंत ती त्यांचीच खेळाडू होती. बदली म्हणून आली आणि ८८ व्या मिनिटाला ल्योंचा तिसरा गोल केला.

२०२१ मध्ये तिला दिवस गेले. ती बाळंतपणासाठी मायदेशी गेली. आणि खात्यात पगार यायचा थांबला, किंवा आला तो अगदी थोडा. तिने खेळाडूंच्या संघटनेमार्फत दाद मागितली. फिफाच्या न्यायाधिकरणाने २०२२ मध्ये निकाल तिच्या बाजूने दिला: थकलेले ८२ हजारांहून अधिक युरो व्याजासकट द्या. जानेवारी २०२३ मध्ये तिने स्वतः सगळी हकिकत लिहून जाहीर केली, त्याच महिन्यात राष्ट्रीय संघातून निवृत्तीही घेतली. १४५ सामने.

फिफाने प्रसूती रजेचे नियम जानेवारी २०२१ पासून लागू केले होते. नियम कागदावर होता, पण तो खरा आहे का हे बघायला कोणीतरी बड्या क्लबशी भांडायला हवं होतं. ज्या देशातल्या बायकांनी १९७५ साली स्वयंपाकघराला कुलूप लावलं तिथली बाई भांडली, याचं मला अजिबात नवल वाटलं नाही.

सर्वाधिक गोल कोणाचे?

मार्ग्रेट लारा विदार्सदोत्तिर, १२४ सामन्यांत ७९. वेस्टमन बेटांवरची. २००३ च्या पदार्पणात बदली म्हणून उतरली आणि काही मिनिटांत गोल. हा विक्रम लवकर मोडेलसं वाटत नाही.

आता कोणाकडे लक्ष ठेवू?

ग्लोदीस पेर्ला विग्गोस्दोत्तिर, मध्य बचावपटू, बायर्न म्युनिकची कर्णधार. २०२४ च्या बॅलन डी’ओरच्या, वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराच्या, तीस नामांकनांत होती. आवाज न करता खेळते. तिचा चांगला सामना म्हणजे तिच्या बाजूने काहीच घडलं नाही असा सामना.

आणि स्वेइन्दीस जेन योन्सदोत्तिर. वेग आहेच, व्होल्फ्सबुर्गकडून बदली म्हणून उतरून रोमाविरुद्ध तिने चार गोल केलेत. पण तिचा थ्रो-इन बघा. टॉवेलने चेंडू पुसते, मागे पाच-सहा पावलं जाते, आणि दोन्ही हातांनी असा फेकते की तो थेट गोलच्या तोंडाशी पडतो. समोरच्या संघाला साधा थ्रो देणंही महागात पडतं, मग ते चेंडू बाहेर न मारता आतच घुटमळत राहतात, आणि चुका तिथे होतात. लोकांना हे रांगडं वाटतं. मला वाटतं गरिबाने हातातलं हत्यार धार लावून वापरावं तसं आहे ते.

संघटनेत बायका आहेत की नुसत्या मैदानावरच?

२०२१ मध्ये पुरुष खेळाडूंनी लैंगिक अत्याचार केल्याच्या तक्रारी संघटनेने कशा हाताळल्या यावरून गदारोळ झाला, अध्यक्ष आणि पूर्ण कार्यकारिणी पायउतार झाली. ऑक्टोबरमध्ये वांदा सिगुर्गेर्सदोत्तिर अध्यक्ष झाल्या, माजी राष्ट्रीय खेळाडू आणि प्रशिक्षक. युएफाच्या सदस्य संघटनांपैकी एखादीच्या अध्यक्षपदी पोहोचलेली पहिली स्त्री. घर जळल्यावर बाईला बोलावलं असं कोणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. २०२४ पर्यंत त्या पदावर होत्या.

आपल्या कोल्हापुरात फुटबॉलचं एवढं वेड आहे, मग असं का होत नाही?

वेड भरपूर आहे, शाहू स्टेडियमवर तालमींचा सामना असला की गावाला दुसरा विषय नसतो. पण तो पेठांचा फुटबॉल प्रामुख्याने पुरुषांचा. वर सांगितलं ते आठवा: तिथे मुलगी वेगळ्या संघात जात नाही, गल्लीतल्याच क्लबात जाते. आपल्याकडे नवी मुंबईने २०२२ मध्ये सतरा वर्षांखालील मुलींच्या वर्ल्ड कपची फायनल भरवली, त्याच वर्षी आशियाई चषकाचे सामने मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाले. मैदानं आहेत. आणि भारताच्या मुली जुलै २०२५ मध्ये थायलंडला त्यांच्याच घरी २-१ ने हरवून २०२६ च्या आशियाई चषकासाठी पात्र ठरल्या, तेव्हा पोरींकडून कमी नाही. संध्याकाळी पाच वाजता तालमीच्या मैदानावर मुलींना कोण पाय ठेवू देतं, एवढंच बघायचं.

सामने आपल्याकडे किती वाजता दिसतात?

आइसलँडचं घड्याळ वर्षभर बदलत नाही, आपण त्यांच्या साडेपाच तास पुढे. तिथे संध्याकाळी पावणेआठला सुरू झालेला सामना म्हणजे आपला सव्वाएक. हिवाळ्यात काही सामने दुपारीच उरकतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्बियाविरुद्धचा निर्णायक सामना तिथल्या दुपारी अडीचला होता, इकडे रात्री आठ, जेवता जेवता बघण्याजोगा. २-१ जिंकल्या.

पुढे काय?

२०२७ चा वर्ल्ड कप ब्राझीलमध्ये आहे. पात्रता फेरीत आइसलँडच्या गटात विश्वविजेता स्पेन, युरोपविजेता इंग्लंड आणि युक्रेन. गटातला पहिलाच थेट जातो, बाकीच्यांना प्ले-ऑफच्या पायऱ्या चढाव्या लागतात. सोडत जाहीर झाली तेव्हा आमच्यातला एक जण म्हणाला, निदान ९३ व्या मिनिटापर्यंत जागायची वेळ येणार नाही. त्याला कोणी हसलं नाही.